आगबोटीची सूट आणि उतारूची निष्ठा

(ज्ञातिसमाजाच्या वार्षिक संमेलनात, चारकोप येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वधूवरांची नोंदणी झाली, आणि पानावर बसावयास अद्याप पाऊण तास अवकाश आहे. तेवढा वेळ मंडळाने माझ्या स्वाधीन केला आहे. भोजनापूर्वीचा वक्ता हा पंगतीत वाढप्याच्या वाटेत उभा राहिलेल्या माणसासारखा असतो, याची मला जाणीव आहे. तरीही विषय आपल्या सर्वांच्या पैशांचा असल्यामुळे थोडे सविस्तर बोलणे भाग आहे.

गेल्या दिवाळीनंतर मंडळाकडे एका प्रवासव्यवस्थापकाचे रंगीत पत्रक आले. आपल्या ज्येष्ठ सभासदांची क्रूझ म्हणजे मोठ्या विहारनौकेतून समुद्रसहल काढावी, अशी त्यात सूचना होती. सोबत तीन आमिषे होती. पहिले, आगाऊ नोंदणीस खास सूट. दुसरे, एका खोलीतील दुसरा प्रवासी मोफत. तिसरे असे की, पुढील वर्षाच्या सहलीची रक्कम आताच भरून ठेवल्यास संपूर्ण मंडळास 'निष्ठावंत ग्राहक' म्हणून कायमची सवलत. काही उत्साही सभासदांनी असे सुचविले की, आपल्या आजारपण-साहाय्य निधीतील शिल्लक वर्षभर बँकेत पडून राहते, तीच आगाऊ म्हणून भरावी. निधी सुरक्षित राहील आणि सवलतही पदरात पडेल. मंडळात दोन तट पडले. तेव्हा अध्यक्षमहाराजांनी मला सांगितले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर नफातोटा शिकविलात. हे गणित सोडवून द्या." मी मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक, जहाज-व्यापाराचा पंडित नव्हे. परंतु सहा महिने जे वाचले, विचारले आणि हिशेब मांडून पाहिले, ते आपणापुढे ठेवतो.

आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना आगबोट ही वस्तू नवी नाही. ज्ञातीतील बहुतेक घरांचा मूळ पुरुष मुंबईस आला तो बोटीनेच. मी स्वतः लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आईचा पदर धरून 'कोकण सेवक' बोटीवर चढलो आहे. डेकवर सतरंजी पसरावयाची, ट्रंक उशाशी घ्यावयाची, आणि बंदर आले की पडावात उतरावयाचे, ही आपली समुद्रसहल होती. त्या तिकिटावर कुणी सूट दिल्याचे मला स्मरत नाही. गणपतीला आणि शिमग्याला उतारूंची गर्दीच इतकी असे की, कंपनीला आमिष दाखविण्याची गरज नव्हती. जेथे गिऱ्हाईक अडलेले असते तेथे सूट नसते, एवढे सूत्र त्या डेकवरूनच शिकता येते.

विहारनौकेचे तसे नाही. तिच्यावर जाण्यावाचून कुणाचे अडत नाही. मुंबईत आज बॅलार्ड पिअरला आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे; त्याचे उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झाले. तेथून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट २०२१ पासून चालू आहे. ती १९९० साली रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीसाठी बांधली गेली आणि सुमारे अठराशे उतारू वाहू शकते. आता असा विचार करा की, अशी बोट सायंकाळी धक्का सोडते तेव्हा तिच्या शंभर खोल्या रिकाम्या आहेत. खलाशांचा पगार, इंधन, बंदराचे शुल्क यांत या शंभर खोल्यांमुळे फारशी बचत होत नाही. आणि त्या रात्रीची रिकामी खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ती संध्याकाळच्या बाजारातील मासळीप्रमाणे आहे. आपल्या चारकोपच्या मार्केटात दिवे लागल्यावर कोळीण वाटा स्वस्त करते तो औदार्याने नव्हे. उद्या त्या बांगड्याला कुणी विचारणार नाही म्हणून.

शिवाय खोलीचे भाडे हीच या धंद्याची सारी मिळकत नव्हे. मद्य, जुगारगृह, दुकाने, छायाचित्रे, बंदरावरील फेरफटके यांतून मोठ्या परदेशी कंपन्यांना एकूण उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा मिळतो. म्हणून भाड्यात सूट देऊन माणूस बोटीवर आणणे त्यांना परवडते. एकदा बोट खोल समुद्रात गेली की शेजारी दुसरे दुकान नसते.

सुटीच्या या पहिल्या प्रकाराविषयी माझी काहीच तक्रार नाही. खरे सांगावयाचे तर ती घ्यावीच. ज्याला तारीख निश्चित ठाऊक आहे, त्याने आठ-दहा महिने आधी नोंदणी करावी. ज्याची बॅग सदैव भरलेली आहे, त्याने शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहावी. अमेरिका-इंग्लंडकडे जानेवारी ते मार्च या काळास या धंद्यात 'लाटेचा हंगाम' असे म्हणतात. वर्षातील बऱ्याच मोठ्या सवलती तेव्हा जाहीर होतात. ऋतू बदलताना बोटी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेल्या जातात, त्या एकेरी फेऱ्याही स्वस्त असतात. मात्र परतीचे विमानाचे भाडे बेरजेत धरावयाचे विसरू नये.

'दुसरा प्रवासी मोफत' हे मात्र फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. बोटीवरील खोलीचा दर नेहमीच दोन माणसे गृहीत धरून सांगितला जातो. समजा, पत्रकात दरमाणशी दर ४०,००० रुपये आहे आणि दुसरा मोफत आहे. म्हणजे दोघांचे मिळून ४०,०००, अर्थात प्रत्येकी २०,०००. मग दुसरी कंपनी सरळ प्रत्येकी २०,००० म्हणते, तिच्यापेक्षा ही उदार कशी? फरक इतकाच की, 'मोफत' हा शब्द वाचून मनुष्याचे डोळे मिटतात. आणि मोफत असते ते केवळ भाडे. कर, बंदर-शुल्क, सेवाशुल्क ही मोफत माणसालाही चुकत नाहीत. समजा ती प्रत्येकी ९,००० आहेत. मग दोघांचे झाले ५८,०००. परदेशी बोटींवर याखेरीज नोकरवर्गाची बक्षिशी म्हणून दरमाणशी दर दिवशी साधारणतः १६ ते २० डॉलर खात्यावर चढतात. तेव्हा कोणत्याही पत्रकाची तुलना करावयाची ती अखेरच्या बेरजेला खोलीतील माणसांनी आणि रात्रींनी भागून. वरच्या मोठ्या टायपातील आकड्याने नव्हे. एका माणसाची एक रात्र किती रुपयांस पडली, एवढा एकच आकडा पाहावा.

याच जागी माझ्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न सांगतो. ती म्हणाली, "गुरुजी, माझे यजमान गेले. मी एकटी आले तर मला अर्धे भाडे पडेल ना?" दुर्दैवाने उलट आहे. दोघांच्या खोलीत एकट्याने राहावयाचे, तर बहुतेक कंपन्या न आलेल्या दुसऱ्या माणसाचेही भाडे घेतात. कधी पूर्ण, कधी थोडे कमी. आपल्या ज्येष्ठांच्या यादीत निम्म्याहून अधिक माणसे एकेकटी आहेत. ज्या सहलीत जोडप्याला अर्धे आणि विधवेला दुप्पट पडते, ती ज्ञातीची सहल म्हणून काढताना हे आधी ठरविले पाहिजे की, दोन भगिनींनी एक खोली वाटून घ्यावी काय, आणि ज्यांना तसे जमत नाही त्यांचा जादा भार कुणी उचलावा. पत्रकात याविषयी एक ओळही नव्हती.

आता तिसऱ्या आमिषाकडे, म्हणजे निष्ठेकडे वळतो. माझ्या मते सारा घोळ येथेच आहे, आणि त्याची कुळकथा फार जुनी आहे.

विमान-कंपन्यांनी निष्ठेबद्दल मैल मोजून देण्याची प्रथा अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली जोरात सुरू केली, म्हणून ही युक्ती विमानवाल्यांची असे पुष्कळांना वाटते. परंतु तिचा जन्म समुद्रावर आणि तोही आपल्या देशाच्या व्यापारात झाला आहे. इंग्लंड-कलकत्ता मार्गावरील बोट-कंपन्यांनी आपसांत भाडी ठरविण्यासाठी एक संघ केला. त्यास 'कॉन्फरन्स' म्हणत. १८७७ च्या सुमारास या संघाने व्यापाऱ्यांसाठी लांबणीवरचा परतावा सुरू केला. त्याची रचना मोठी धूर्त होती. व्यापाऱ्याने सहा महिने आपला सर्व माल संघाच्याच बोटींतून पाठविला, तर भरलेल्या भाड्याचा काही भाग, साधारणतः दहावा हिस्सा, परत मिळावयाचा. पण तो लगेच नव्हे. त्यानंतरचे आणखी सहा महिने तो निष्ठावंत राहिला, तर मग. मधल्या काळात एकच गाठोडे दुसऱ्याच्या बोटीवर चढविले की साचलेला सारा परतावा बुडाला. म्हणजे व्यापाऱ्याचेच पैसे कंपनीच्या तिजोरीत ओलीस राहावयाचे, आणि ते सुटावेत म्हणून त्याने पुन्हा त्याच कंपनीस भाडे द्यावयाचे. त्या नव्या भाड्यावर नवा परतावा साचावयाचा आणि तोही ओलीस. या चक्रातून सुटण्याचा क्षण कधीच येत नसे.

या परताव्याची धार मुंबईच्या बंदराने अनुभवली आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा यांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी करार करून मुंबई ते जपान अशी कापूस व सूत नेणारी बोटसेवा उभारली. पी. अँड ओ. ही बलाढ्य इंग्रज कंपनी त्या वेळी टनास १७ रुपयांच्या आसपास भाडे घेत असे. टाटांनी १२ रुपये जाहीर केले. पी. अँड ओ.ने आपला दर दीड रुपयापर्यंत खाली आणला. कापूस फुकट नेण्याचीही तयारी दाखविली. आणि त्याचबरोबर, आपला टाटांच्या व जपान्यांच्या बोटींशी काही संबंध नाही असे लिहून देणाऱ्या व्यापाऱ्यांना परतावा देऊ केला. जमशेटजींनी या भाडेयुद्धावर पुस्तिका काढली, सरकारकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. टाटांच्या बोटी अल्पावधीत बंद पडल्या. जपानी कंपनी टिकली, आणि १८९६ साली तीही त्या संघात जाऊन बसली. भाडी पुन्हा चढली. फुकटात माल नेणाऱ्या कंपनीने आपले नुकसान कुणाकडून भरून काढले, हे सांगावयास नको.

उतारूंच्या बाबतीतही हेच घडले. तुतिकोरीनच्या चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी बोट-कंपनी काढली आणि कोलंबोची वाहतूक सुरू केली. तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने आठ आणे केले. मग इंग्रज कंपनीने उतारूंना फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली, असे सांगतात. स्वदेशी कंपनी काही वर्षांतच मोडली, आणि छत्र्यांचे वाटपही त्याबरोबरच थांबले असणार. आपल्या कोकण किनाऱ्यावरही शेफर्ड कंपनीच्या विरुद्ध लोकांनी भाग घेऊन उभारलेली 'माझी आगबोट कंपनी' होती. तिच्या नावातला 'माझी' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. निष्ठा मागावयाचीच असेल, तर ती आधी मालकी देऊन मागितलेली होती.

आणि येथे इतिहासाने एक मौज करून ठेवली आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिची पहिली बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. त्याच दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. या बोटीचे नाव होते 'लॉयल्टी', म्हणजेच निष्ठा. ती मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती रुग्णनौका म्हणून घेतली आणि 'लॉयल्टी' असे तिचे नामकरण केले. शिंद्यांकडून ती घेतली म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. तेव्हाही एम्प्रेस, आताही एम्प्रेस! असो. या स्वदेशी कंपनीलाही भाडेयुद्धास तोंड द्यावे लागले, आणि १९२३ साली ब्रिटिश इंडिया कंपनीशी दहा वर्षांचा करार करून, आपल्या बोटींच्या संख्येवर मर्यादा मान्य करून तिला तग धरावा लागला. इकडे अमेरिकेने मात्र १९१६ च्या जहाज-कायद्यानेच लांबणीवरचा परतावा बेकायदा ठरविला होता. म्हणजे ज्या देशात आज क्रूझ-कंपन्यांच्या निष्ठा-योजना सर्वांत फोफावल्या आहेत, त्याच देशाने शंभर वर्षांपूर्वी तिच्या या थोरल्या बहिणीस दाराबाहेर घालविले होते.

थोरली आणि धाकटी यांत भेद आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या क्रूझ-कंपन्या तुम्हांस दुसऱ्या बोटीवर जाण्यास मनाई करीत नाहीत, आणि गेलात म्हणून साधारणतः गुण जप्तही करीत नाहीत. फक्त ते गुण दुसरीकडे चालत नाहीत. रॉयल कॅरिबियनचीच पद्धत पाहा. तिच्या 'क्राउन अँड अँकर' मंडळात साध्या खोलीतील एका रात्रीस एक गुण, मोठ्या दालनास दोन. ३ गुणांस सुवर्ण, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला पाचू, ८० ला हिरा, १७५ ला हिऱ्याच्या वरची पायरी आणि ७०० गुणांस शिखर. आता गणित करा. निवृत्तिवेतनधारक मनुष्य वर्षाकाठी चार रात्रींची एक सहल करील, तर हिऱ्यास पोहोचावयास वीस वर्षे लागतील. पासष्टाव्या वर्षी निघाला तर पंच्याऐंशीव्या वर्षी हिरा. शिखरास पोहोचावयास एकशे पंचाहत्तर वर्षे. आणि हिरा झाल्यावर मिळते काय? मुख्यत्वे रोज मद्याचे चार पेले, थोडीशी इंटरनेट-सोय आणि काही कपडे धुऊन. आपल्या मंडळातील वारकरी सभासदांनी या चार पेल्यांचे काय करावे?

एकट्या प्रवाशाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. दोघांचे भाडे भरणाऱ्या एकट्यास ही कंपनी गुणही दुप्पट देते. पण त्याच्या दुप्पट भाड्यात उतार पडून ते दीडपट व्हावे, यासाठी त्याला ३४० गुण साचवावे लागतात. आधी शे-दीडशेहून अधिक रात्री दुप्पट भरावयाचे, मग दीडपट भरण्याची सवलत. माझ्या वर्गात असे उदाहरण दिले असते, तर मुलांनी पुस्तकातील चूक म्हणून दाखविले असते.

अमेरिकेत असलेल्या आपल्या ज्ञातीच्या मुलांना मात्र हे गणित वेगळे लागू पडते. फ्लोरिडाच्या बंदराजवळ राहणारे जोडपे वर्षात तीन-चारदा बोटीवर जाते. एका पत्त्यावर राहणाऱ्या पतिपत्नींना एकाची पायरी दुसऱ्यास मिळते, मुलांना आईबापांची मिळते. अशा घराने एकाच कंपनीला धरून राहणे शहाणपणाचे ठरू शकते. कार्निव्हल कंपनीचे शंभर शेअर बाळगणाऱ्यास तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे बोटीवरच्या खर्चासाठी ५०, १०० किंवा २५० डॉलर मिळतात. हीही एक 'माझी आगबोट कंपनी'च म्हणा. परंतु शेअरचा भाव पडला तर ते नुकसान छत्रीने झाकले जात नाही.

या योजनांचा खरा दोष पेल्यांत नाही, नियम करणाऱ्याच्या हातात आहे. याच कार्निव्हल कंपनीत वर्षानुवर्षे दर दिवसास एक गुण, २५ ला सुवर्ण, ७५ ला प्लॅटिनम, २०० ला हिरा अशी रीत होती. २०२५ साली कंपनीने जाहीर केले की, जून २०२६ पासून दिवस मोजण्याची ही रीत जाऊन खर्च मोजण्याची नवी रीत येईल आणि मिळालेली पायरी ठरावीक मुदतीनंतर पुन्हा कमवावी लागेल. वीस वीस वर्षे स्वस्त खोल्यांतून निष्ठेने फिरलेल्या उतारूंत मोठा असंतोष उसळला. त्यांनी दिवस साचविले होते, आणि कंपनी आता रुपये मोजावयास बसली होती. हा कायदेभंग नव्हे. प्रत्येक योजनेच्या अटींत असे बदल करण्याचा अधिकार कंपनीने राखलेला असतोच. बँकेतील ठेवीचा व्याजदर ठेवीची मुदत संपेपर्यंत बदलत नाही. निष्ठेची ठेव मात्र केव्हाही बदलते.

आणि ज्याच्यावर निष्ठा ठेवावयाची, तो तरी जागेवर राहावयास हवा. मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट २०१८ साली मोठ्या थाटाने सुरू झाली. 'कर्णिका' ही जलेश कंपनीची बोट २०१९ साली आली. २०२० च्या साथीत जलेश कंपनी बंद झाली. 'आंग्रिया'च्या फेऱ्याही थांबल्या. साथ कुणाच्या हातची नव्हती. परंतु दोन वर्षांच्या कंपनीकडे दहा वर्षांची निष्ठा जमा करणाऱ्याने हा विचार करावयास हवा होता.

माझा स्वतःचा अनुभव सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. निवृत्तीनंतर मी आणि सौ.ने एका यात्रा-कंपनीतर्फे दक्षिणेची सहल केली. परतताना त्यांनी आम्हांस एक चकचकीत कार्ड दिले. पुढच्या सहलीची काही रक्कम तेव्हाच भरली, तर मोठी सूट. सौ.ला समुद्र पाहावयाचा होता; बोटीवरून, डेकवर सतरंजी न पसरता. मी पैसे भरले. चार महिन्यांनी तिचे दुखणे निघाले आणि वर्ष त्यातच गेले. ती बरी झाली तेव्हा कार्डाची मुदत संपून दीड महिना झाला होता. मी कार्यालयात गेलो. तेथील मुलगा नम्र होता; त्याने कार्डाच्या मागील बाजूची बारीक अक्षरांतील अट मला वाचून दाखविली. अट तेथे होतीच. विद्यार्थ्यांना 'उदाहरण शेवटपर्यंत वाचा' असे पस्तीस वर्षे सांगणाऱ्या मास्तराने ती वाचली नव्हती. पैसे फार मोठे नव्हते. पण ज्या महिन्यांत औषधांसाठी मी मेहुण्याकडे हात पसरला, त्या महिन्यांत माझे पैसे एका कंपनीच्या घरी सवलतीची वाट पाहत बसले होते, ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून आजारपण-साहाय्य निधीतून आगाऊ रक्कम भरण्याच्या सूचनेस माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या घरी मध्यरात्री रुग्णालयाची अनामत भरावयाची असते, त्या घराला 'पुढील वर्षाच्या सहलीपर्यंत थांबा' असे आपण सांगणार काय? निधी बँकेतच राहू द्यावा. वटाव रोखीचा असतो तेव्हाच तो वटाव. कोळीण एक बांगडा वर टाकते तो आपल्या पिशवीत, तिथल्या तिथे. 'पुढच्या बुधवारी या, मग टाकीन, आणि मधल्या काळात दुसरीकडे घ्याल तर नाही' असे ती म्हणत नाही.

सहल काढू नये असे मात्र मी म्हणत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापले पैसे भरून अवश्य जावे. पंचवीस-तीस माणसे एकत्र जात असतील तर समूहाची सवलत मागावी. ती मागितल्यावाचून मिळत नाही. नोंदणी करताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: कर-शुल्कांसह अखेरची रक्कम, रद्द केल्यास कोणत्या तारखेस किती कापणार, एकट्याचे भाडे किती, आणि एखाद्याच्या जागी दुसऱ्याचे नाव घालता येते की नाही. आपल्या वयाच्या मंडळींत चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

अखेर एक नाजूक बाब. क्रूझच्या धंद्यात समूहास एक वेगळी सवलत असते. साधारणतः पंधरा भाडे देणाऱ्या उतारूंमागे एकाचे भाडे माफ होते. ती जागा समूह जमविणाऱ्याची समजली जाते. आपल्या पत्रकात तिचा उल्लेख नाही; मी विचारल्यावर व्यवस्थापकांनी ती आहे असे सांगितले, आणि "ती आपण मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसाठी ठेवतो" असेही हळूच सांगितले. तीस माणसांवर दोन भाडी होतात. अध्यक्षमहाराजांपुढे हे बोलताना मला संकोच वाटत नाही, कारण ही गोष्ट मी प्रथम त्यांच्याच कानी घातली आणि त्यांनीच ती येथे उघड बोलावयास सांगितले. त्यांची सूचना अशी की, या दोन भाड्यांची रक्कम एकट्या येणाऱ्या भगिनींच्या जादा भाड्यात वळती करावी. मी हिशेब करून पाहिला. मघाचाच दर धरला, दोन भगिनींनी एक खोली वाटून घेतली आणि यादी आज आहे तशीच राहिली, तर खोली वाटून घेणे ज्यांना प्रकृतीमुळे शक्य नाही अशा दोघींचा जादा भार त्यातून फिटतो. तिसरी उरते. तिच्यासाठी पेटी कार्यालयाच्या टेबलावर ठेवली आहे. यादी चिटणिसांकडे आहे. नावे पुढील महिन्याच्या सभेपर्यंत द्यावयाची आहेत.

पाने मांडल्याचा आवाज येतो आहे. माझे बोलणे मी येथेच थांबवितो.